बँडमास्तरांचे सहाशे बारा फोटो

बँडमास्तर एसिल्फी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वारले आणि त्यानंतर त्यांची चौकशी करणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. सॉल्टपाँडच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी पोरांना कवायत आणि बिगूल शिकवला होता. शेवटची सहा वर्षं पायाच्या जखमेनं त्यांना घरात बसवलं, तेव्हा तीन मुलांपैकी दोघांना रजा मिळत नव्हती. थोरला क्वामेना हॅम्बुर्गला, त्याच्या कंपनीत म्हणे त्याच्यावाचून पान हलत नसे. मधली एकुआ राजधानीत, अक्राला, ती दोन दिवस घर सोडून निघाली असती तर तिच्या नवऱ्याची बँकच बुडायची. बाप गेल्याचं कळलं, आणि नवव्या दिवशी दोघंही बॅगांसकट दारात हजर. हॅम्बुर्गची पानं आपापली हलायला शिकली होती. बँकही तरंगत होती.

तिसरी अराबा. ती इथंच होती, त्यामुळे तिच्या येण्याचं कुणाला कौतुक असण्याचं कारण नव्हतं.

बँडमास्तर स्वतः दवाखान्याच्या शवागारात होते. ज्या माणसानं छताला पंखा बसवायचा विषय दहा वर्षं काढून पाहिला, त्याला आता रात्रंदिवस गार हवा मिळत होती, आणि मुलं म्हणत होती, काही घाई नाही, दोन महिने राहू देत, सगळं थाटात होऊ दे.

पहिली बैठक अंगणात बसली. अध्यक्षस्थानी अर्थात नाना अबाका, बँडमास्तरांच्या आईकडच्या कुळाचे प्रमुख. माणूस मेला की तो कुळाचा, आणि शवपेटी करायची मुलांनी, हा नियम नाना दर दहा मिनिटांनी सगळ्यांना सांगत, जणू कुणी शवपेटी घेऊन पळून जाणार होतं. पेटीचं लाकूड ठरलं, काळ्या-पांढऱ्या कापडाचं डिझाइन ठरलं, लाउडस्पीकर ठरला. मग गाडं पोस्टरवर येऊन अडलं.

पोस्टर तर हवंच. ज्याचं रंगीत पोस्टर चौकात लागत नाही तो मेला की मुलीकडे राहायला गेला, हे गावाला कळणार कसं? क्वामेनाचं म्हणणं, पोस्टर असं हवं की केप कोस्टकडे जाणाऱ्या गाडीवाल्यानं ते बघून ब्रेक मारला पाहिजे. मजकूर त्यानं विमानातच लिहून आणला होता. त्यात शोक करणाऱ्या चिरंजीवांचं नाव, पुढे हॅम्बुर्ग, पुढे जर्मनी, हे सगळं होतं. बापाचं जन्मवर्ष तेवढं चुकलं होतं.

“फोटो?” नानांनी विचारलं.

फोटो तर ढीगभर आहेत, असं क्वामेना आणि एकुआ एकदमच म्हणाले, आणि आपापले फोन काढून बसले. बराच वेळ बोटं सरकत राहिली. क्वामेनाच्या फोनमध्ये चार फोटो निघाले. चारही त्याच्या मागच्या, म्हणजे आठ वर्षांपूर्वीच्या फेरीचे. त्यात भाड्याची गाडी होती, गाडीला टेकून क्वामेना होता, आणि एका फोटोत उजव्या कडेला एक कोपर होतं. ते पापांचंच, यावर सगळ्यांचं एकमत झालं. एकुआकडे लग्नातला फोटो होता. पापा केकच्या मागे होते. केक तीन मजली होता.

मग पेन्शनच्या पुस्तकावरचा फोटो पुढे आला. काळापांढरा, १९७४ सालचा, बँडमास्तर त्रेचाळीस वर्षांचे, आणि डाव्या गालावर सरकारी शिक्का.

तेव्हा अराबा, जी तोवर सगळ्यांना पाण्याच्या पिशव्या वाटत होती, म्हणाली, “माझ्याकडे आहेत. कॅमेऱ्यात. सहाशे बारा.”

इतकी मोठी संख्या या घरात आजवर फक्त पाहुण्यांच्या बाबतीत ऐकली गेली होती.

तो कॅमेरा क्वामेनानंच पाठवला होता, सहा वर्षांपूर्वी, जुने बूट, पडदे आणि शाम्पूच्या बाटल्या भरलेल्या एका पिंपातून. त्यानं नवा घेतला होता, जुना फेकायला हॅम्बुर्गमध्ये म्हणे वेगळी परवानगी लागते. कॅमेऱ्याबरोबर वायर नव्हती, पुस्तक नव्हतं. बोटाएवढ्या दोन बॅटऱ्या घातल्या की चालायचा, एवढंच. पापांच्या पायाला जखम झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी अराबाला सांगितलं होतं, की दर आठवड्याला म्हाताऱ्याला उचलून आणण्यापेक्षा जखमेचा फोटो काढून आण, डॉक्टर बघतील. म्हणून तिनं पायाचे फोटो काढायला सुरुवात केली. आठ-दहा पायांनंतर पापाच म्हणाले, अगं, वर माणूसही आहे, त्याचाही एक काढ. तिथून ते चालू झालं. फोटो सगळे कॅमेऱ्यातच राहिले. काडेपेटीएवढ्या पडद्यावर ती ते कधीतरी बघायची. बाहेर काढायचे कसे हे तिला माहीत नव्हतं आणि काढायचे कशाला हेही कधी सुचलं नव्हतं.

“त्यात काय आहे?” क्वामेना म्हणाला. “दोन मिनिटांचं काम. आमच्या इथं हे लहान पोरं करतात.”

क्वामेना हॅम्बुर्गला कॉम्प्युटरमध्ये आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तो कॉम्प्युटरच्या गोदामात आहे, खोकी ट्रकवर चढवतो, हे फक्त अराबाला ठाऊक होतं, कारण एकदा त्याची पाठ धरली तेव्हा त्यानं ते पापांना फोनवर सांगितलं होतं, आणि पापांनी तिला. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

त्यानं आपला लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. नाना खुर्ची ओढून शेजारी बसले. एकुआनं नवऱ्याला फोनवर सांगितलं की आम्ही आता पापांचे फोटो ट्रान्सफर करतोय, आणि आवाज असा लावला जणू ऑपरेशन चालू आहे. कॅमेऱ्यातलं कार्ड निघालं ते जुन्या धाटणीचं, नखाएवढं, लॅपटॉपच्या कुठल्याच भोकात न बसणारं. क्वामेनानं ते आधी सरळ घालून पाहिलं, मग उलटं, मग थोडा जोर लावून. शेवटी त्यानं बॅगेतून एक डबी काढली. विमानतळावर घेतलेली, जगातली सगळी कार्डं यात बसतात, असं त्यानं सांगितलं. कार्ड बसलं. पडद्यावर एक चौकट उघडली. त्यात जर्मन भाषेत दोन ओळी आणि खाली दोन बटणं.

“काय म्हणतंय?” नानांनी विचारलं.

“फॉर्माटीरेन करू का, विचारतंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे…” चौदा वर्षं जर्मनीत राहिलेल्या माणसाला सगळ्यांसमोर एका शब्दावर अडून चालत नाही. “म्हणजे फोटो तयार करून देऊ का. फो-र-मा. फोटोवरूनच आलाय तो शब्द.” आणि त्यानं बोट बटणाकडे नेलं.

अराबाला जर्मन येत नव्हतं. पण कॅमेऱ्याच्या यादीत सगळ्यात खाली एक शब्द होता, त्याच्या शेजारी पिवळा त्रिकोण, आणि एकदा चुकून तिथं गेली असताना कॅमेऱ्यानं तिला इंग्रजीत विचारलं होतं की सगळं पुसून टाकू का. तो शब्द तिनं त्या दिवसापासून नजरेत धरून ठेवला होता. त्याची पहिली सहा अक्षरं आणि पडद्यावरच्या शब्दाची पहिली सहा अक्षरं तीच होती. ती टेबलापलीकडून वाकली आणि तिनं ती डबी वायरीसकट उपटून घेतली.

क्वामेना ओरडला नाही, फक्त म्हणाला की अशानं कॉम्प्युटर बिघडतो. अराबानं कार्डावरची धूळ झटकली, ते परत कॅमेऱ्यात घातलं आणि म्हणाली, “अट्टाकडे जाऊ.”

*

अट्टाचं दुकान पोस्टाच्या मागं होतं. पाटी होती, ‘देवाची वेळच खरी – डिजिटल प्रिंट’. दुकान उघडायची वेळ मात्र अट्टाची होती, आणि ती साडेदहा-अकरा होती. पन्नाशीचा, पोट सुटलेला, मृदू आवाजाचा हा माणूस गावातल्या अर्ध्याअधिक मेलेल्यांना सूट घालून बसला होता. लोक फोटो आणायचे ते कसलेही: बनियनमधले, दारू पीत बसलेले, दुसऱ्याच्या बारशातले. अट्टा फक्त डोकं घ्यायचा. धडं त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तयार असत. पुरुषांची सहा, बायकांची नऊ. चार नंबरचं धड सगळ्यात खपाचं होतं, काळा सूट, रुपेरी टाय आणि मनगटावर सोन्याचं घड्याळ. सॉल्टपाँडच्या रस्त्यांवर गेल्या पाच वर्षांत तो एकच सूट घालून तीस-पस्तीस माणसं देवाघरी गेली होती.

त्यानं कॅमेरा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला, आणि टेबलाखालचा खण ओढला. आत वायरींचा गुंता. गारुड्यानं पेटीत हात घालावा तसा हात घालून त्यानं एकेक वायर बाहेर काढली, कॅमेऱ्याच्या भोकाशी धरली, परत टाकली. अकरावी बसली.

“कार्ड काढायचं नाही, सिस्टर,” तो अराबाला म्हणाला. “कॅमेराच जोडायचा. चालू ठेवायचा. आणि सगळे घ्यायचे, निवडायचं नंतर.”

“एक चांगला घेतला की झालं,” क्वामेना म्हणाला.

“सगळे,” अराबा म्हणाली.

पडद्यावर हिरवी पट्टी उमटली आणि सरकू लागली. अकरा मिनिटं राहिली, असं कॉम्प्युटर म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, सत्तेचाळीस. मग म्हणाला, दोन. नाना म्हणाले, हे यंत्र आपल्या नगरपालिकेतलं दिसतंय. अट्टानं गिऱ्हाइकांसाठी एक दुसरा पडदा भिंतीला लावला होता. आत येईल तो फोटो त्यावर चार-पाच सेकंद दिसायचा, मग पुढचा. चौघं बाकावर बसले. सिनेमाला बसतात तसे.

पहिले नऊ फोटो पायाचे होते.

भिंतीवर तो पाय दरवाजाएवढा झाला होता. अराबानंही तो एवढा मोठा कधी पाहिला नव्हता, आणि तिला आता कळलं की तेव्हा लहान दिसत होता म्हणूनच आपण तो रोज धुऊ शकलो. एकुआनं अंगावरच्या कापडाची किनार नाकाला लावली, जणू फोटोला वास होता. इतकं झालं होतं आणि मला कुणी सांगितलं नाही, असं ती म्हणाली. अराबानं तिला दर पंधरा दिवसांनी फोन करून सांगितलं होतं, आणि दर पंधरा दिवसांनी एकुआनं कळवलं होतं की मी प्रार्थना करतेय. ती प्रार्थना फार मन लावून करत असावी, कारण कशाकरता करतेय हे तिला आठवत नव्हतं.

मग पापा आले. पायरीवर बसलेले पापा. शेजारच्या मासे भाजणाऱ्या बाईशी भांडणारे पापा. छताचा पत्रा उडाला तेव्हा गळतीखाली ठेवलेली बादली डोक्यावर घेऊन, बँडची जुनी टोपी बादलीवर चढवून, तीन दातांनी हसणारे पापा. भिंतीवर एकुआच्या नवऱ्याच्या बँकेचं कॅलेंडर. फोटो पुढे सरकत तसं फक्त कॅलेंडर बदलत होतं. दर वर्षी ती तेवढं न चुकता पाठवायची. एकदा पडद्यावर खुद्द नाना अवतरले. पुढ्यात फुफूचं भांडं, दोन्ही गाल भरलेले, आणि पलीकडे पापा त्यांच्या भांड्याकडे बघत बसलेले. बैठकीत नानांनी सांगितलं होतं की ते रोज भेटायला जात.

“बाकीच्या दिवशी हिनं कॅमेरा काढला नसेल,” नाना म्हणाले.

तीनशे चाळिसाव्या फोटोला कॅमेरा बंद पडला. बॅटऱ्या संपल्या. क्वामेना म्हणाला, पुष्कळ झालं, यातनंच घेऊ एखादा. अट्टा काही न बोलता स्टुलावर चढला, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, त्यातली एक बॅटरी काढली, दुसरी रिमोटातून काढली, आणि देवाची वेळ पावणेबारावर थांबवून कॅमेरा चालू केला.

त्यानंतर रविवार सुरू झाले.

पहिल्या फोटोत पापा खुर्चीत ताठ बसले होते. पांढरा सदरा, टाय, बँडची टोपी. समोर स्टूल, स्टुलावर लेसचा रुमाल, रुमालावर मोबाइल. खाली कोपऱ्यात पिवळ्या आकड्यांत तारीख. दुसऱ्या फोटोत तेच, तारीख सात दिवस पुढची. तिसऱ्यात तेच. चौथ्यात टाय बदललेला. क्वामेनानं एकदा सांगितलं होतं की तो दर रविवारी चार वाजता फोन करत जाईल, आणि पापा तीन वाजता दाढी करायला घेत. साडेपाच वाजले की म्हणत, “अराबा, काढ एक. मी तयार होतो, एवढी नोंद असू दे.” ती काढायची. मग टाय सोडून द्यायची. एकेका रविवारी काढताना तिला त्यात काही वाटलं नव्हतं, म्हाताऱ्याची एक सवय, चहासारखी. पण आता ते भिंतीवर ओळीनं येत होते, एकामागून एक, आणि टोपीखालचा चेहरा तारखेगणिक बारीक होत चालला होता. मोबाइल मात्र प्रत्येक फोटोत स्टुलावरच. एकाही फोटोत कानाला नाही.

अराबानं मोजले नाहीत. अट्टाच्या कॉम्प्युटरनं मोजले. एकेचाळीस.

“तेव्हा तिथलं नेटवर्क खराब होतं,” क्वामेना म्हणाला.

“दर रविवारी?” अट्टानं विचारलं. त्यानं खरंच कुतूहलानं विचारलं होतं. विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि तो खालच्या खणात काहीतरी शोधू लागला.

क्वामेना उठून बाहेर गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. तो रस्त्यापलीकडे मक्याची केंकी विकणाऱ्या बाईसमोर उभा राहिला, तिनं एक गोळा पानातून काढून त्याच्यापुढे धरला, त्यानं तो घेतला आणि तसाच धरून ठेवला. आत उरलेले फोटो येत राहिले. शेवटचा मार्चमधला होता, पापा झोपलेले. मग पट्टी पूर्ण हिरवी झाली आणि कॉम्प्युटरनं एक छोटा आवाज केला. सहाशे बारा.

क्वामेना परत आला तेव्हा त्याचा आवाज कामाचा झाला होता. त्यानं अट्टाला सांगितलं की एक चांगला निवडून बाकीचे पुसून टाक, कॅमेऱ्यातलेही. आजारी माणसाचे असले फोटो ठेवणं बरं नव्हे, मयताचा मान राहत नाही. नानांनी मान डोलावली. मयताच्या मानाबद्दल, आणि बहुधा फुफूबद्दलही.

अराबानं कॅमेऱ्याची वायर काढली, कॅमेरा पिशवीत घातला. “यातला एकही पुसायचा नाही, दादा.”

“कॅमेरा माझा आहे, अराबा. मीच पाठवला होता.”

“तू टाकून दिला होतास. आमच्या घरी पडला, एवढंच.” तिचा आवाज चढला नव्हता. “तुला नको असतील तर बघू नकोस. आम्हाला तुझं न बघणं नवीन नाही.”

अट्टानं न विचारता एक कोरी सीडी काढली आणि यंत्रात घातली.

*

पोस्टरसाठी फोटो निवडायचं राहिलंच होतं. त्यात दुपार गेली. अट्टाचं मत बादलीच्या फोटोला होतं. तो म्हणाला, वीस वर्षांत मी इतका जिवंत मेलेला माणूस पाहिला नाही. नाना म्हणाले, मयतानं हसू नये, लोकांना वाटतं सुटला बिचारा. एकुआ म्हणाली, सदऱ्याला काखेत भोक आहे. क्वामेना म्हणाला, फार वाळलेले दिसतात, हॅम्बुर्गचे लोक इंटरनेटवर बघतील, म्हणतील बापाला खायला घातलं नाही. हे बोलताना तिघांनीही अराबाकडे पाहिलं. सहा वर्षं जिनं रताळं कुस्करून भरवलं, ती उपाशी ठेवल्याची आरोपी झाली. तिनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, तर मग काय करायचं?

मग सहाशे बारा फोटो बाजूला ठेवून पेन्शनच्या पुस्तकावरचा घ्यायचं ठरलं. अट्टानं गालावरचा सरकारी शिक्का पुसला, गालाला रंग दिला, आणि ते त्रेचाळीस वर्षांचं डोकं चार नंबरच्या धडावर बसवलं. सोन्याचं घड्याळ फार उठून दिसत होतं. “हे खरे पापा,” एकुआ म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

जूनमध्ये अंत्यविधी झाला आणि थाटात झाला. पोस्टर चौकात, पुलावर, चर्चच्या भिंतीवर लागलं. गाड्यांनी ब्रेक मारले की नाही ठाऊक नाही, पण माणसं थांबत, वाचत, आणि कोण हा, असं एकमेकांना विचारत. बँडमास्तरांबरोबर वीस वर्षं भूगोल शिकवलेले टेकी गुरुजी काठी टेकत आले, पोस्टरपुढे बराच वेळ उभे राहिले, मग अराबाचा हात हातात घेऊन म्हणाले, “फार वाईट झालं, पोरी. तरणाताठा मुलगा गेला. मास्तर कसे आहेत? खचले असतील.” त्यांना समजावून सांगायला दोन माणसं लागली.

अराबानं अट्टाकडून बादलीचा फोटो साध्या कागदावर मोठा छापून घेतला होता, आणि पुढच्या खोलीत सह्यांच्या वहीशेजारी टेबलावर उभा केला होता. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तरी दुपारपर्यंत अंगणातला मांडव रिकामा झाला आणि पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. नर्सबाई आल्या. मासे भाजणारी बाई फोटोशी भांडली आणि मग रडली. बँडमधली जुनी पोरं, आता टक्कल पडलेली, फोटोपुढे रांगेत उभी राहिली आणि एकजण हसायला लागला तसे सगळे हसले. मयताच्या घरी इतकं हसणं शोभत नाही, असं नाना म्हणाले, पण तेही एकदा आत जाऊन बघून आले.

क्वामेनाही त्या रांगेत होता. कुणाला तो नीट दिसला नाही, कारण तो शेवटी उभा होता.

निघायच्या आदल्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. अराबा भांडी घासत होती. म्हणाला, ती सीडी एक मलाही असू दे. फक्त बँडचे, टोपीचे वगैरे, असतील तेवढे. अराबानं हात पुसले, आत जाऊन सीडी आणून दिली. त्यात सगळे होते, पायाचे आणि रविवारचेही, आणि हे त्यालाही माहीत होतं. त्यानं ती दोन टॉवेलांच्या मधे ठेवून बॅगेत भरली. हॅम्बुर्गला जाऊन त्यानं ती लावली की नाही, हे अराबाला कधी कळलं नाही. तिनं विचारलं नाही.

*

या सगळ्यात फायदा झाला तो अट्टाचा. बादलीचा फोटो बघून गेलेल्यांनी आपापल्या परदेशातल्या मुलांना कळवलं, आणि परदेशातल्या मुलांना एकाएकी घाम फुटला. आपल्या म्हाताऱ्यांचा एकही धड फोटो आपल्याकडे नाही, उद्या वेळ आली तर? महिन्याभरात अट्टाकडे लंडन, तोरीनो, न्यूजर्सीहून निरोप येऊ लागले. अमुक घरी जाऊन आईचा चांगलासा फोटो काढून पाठवा. मायेचा कळवळा असा उशिरा का होईना, पण मोठ्या आकारात आला. अट्टानं अराबाला विचारलं, आणि अराबा कॅमेरा घेऊन घरोघरी जाऊ लागली. फोटो काढायचे, दुकानात येऊन अकरावी वायर लावायची, पट्टी हिरवी होईपर्यंत बसायचं, मग पाठवायचे. अट्टाचं घड्याळ आता नव्या बॅटरीवर चालत होतं आणि पंधरा मिनिटं पुढं होतं.

सप्टेंबरात मामे याबाची पाळी आली. नव्वदीची म्हातारी, हयात मासे धुरावण्यात गेलेली. लंडनच्या मुलाचा निरोप होता: चेहरा स्पष्ट, मागं साधी भिंत, दागिने असावेत, पोस्टरला चालेलसा.

“कशाला हवाय त्याला?” म्हातारीनं विचारलं.

“जवळ असावा म्हणून, मामे.”

“मला नव्वद वर्षं झालीत, पोरी. मला मासा शिळा आहे का ताजा, हे लांबून कळतं.” पण तिनं दुसरं काही विचारलं नाही. आत गेली, नवं कापड नेसली, गळ्यात मण्यांची माळ घातली, केसांना तेल लावलं. बाहेर येऊन भिंतीपुढच्या स्टुलावर बसली, आणि कॅमेरा वर उचलला गेला तशी स्टुलावरच सावकाश फिरून तिनं अराबाकडे पाठ केली.

“असा काढ,” ती भिंतीला म्हणाली. “तीन काढ, म्हणजे त्याला निवडता येईल.”

अराबानं तीन काढले. संध्याकाळी दुकानात आणून कॉम्प्युटरमध्ये घेतले. अट्टानं ते पाहिले, हसू दाबलं, आणि म्हणाला की पाठीचं धड माझ्याकडे एकही नाही. तिन्ही फोटो होते तसे लंडनला गेले. दोन दिवसांनी मुलाचं उत्तर आलं. काळजीचं होतं. फोटो उलटे आले आहेत, कॅमेऱ्यात काही बिघाड आहे का?

कॅमेरा ठीक आहे, अराबानं लिहिलं. पुढून बघायचं तर पुढ्यात यावं लागेल, असं आई म्हणते.

त्याला अजून उत्तर नाही. मामे याबा मात्र दर मंगळवारी, होड्या समुद्रात जात नाहीत आणि धुरावायला काही नसतं त्या दिवशी, अट्टाच्या दुकानात येऊन बाकावर बसते. अराबा वायर लावते, भिंतीवर गावातले म्हातारे-म्हाताऱ्या एकेक करून येतात, आणि मामे याबा प्रत्येकाला नावानं ओळखून, कुणी कुणाची कोंबडी चोरली होती ते सांगत राहते.